खोटा आकडा

जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांनी आत्याचा घात केला. वरच्या चौदा नीट उतरली, हातातली पिशवीसुद्धा सांभाळली, आणि आता आलोच खाली म्हणून निर्धास्त झाली तेवढ्यात पाय सटकला. सगळा भार उजव्या मनगटावर आला. ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं, ते निघालं, आणि डॉक्टरांनी हात बरा झाल्याचं जाहीर करून टाकलं. बरा म्हणजे कसा, तर अंगठा आणि शेवटची दोन बोटं टिचकी मारू शकत होती, पण काही दाबून धरू शकत नव्हती. दोन सेकंद दाबलं की कळ थेट कोपरापर्यंत जायची. अंगठ्याशेजारची दोन बोटं तेवढी धडधाकट राहिली.

घरात याने कुणाचं काही अडलं नाही. डब्यांची झाकणं उघडायला भाची होती. भाऊ-वहिनी नोकरीसाठी दूर गेले तेव्हा पोरीची शाळा बुडू नये म्हणून ती वर्षभरासाठी आत्याकडे राहिली होती. त्याला सोळा वर्षं झाली, पण बाईसाहेब काही हलल्या नाहीत. आता घरात बसूनच एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायची. आत्या तिला ‘शहाणे’ म्हणून हाक मारायची, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे त्या त्या दिवसावर अवलंबून असायचं.

अडलं ते कचेरीत. आत्या पाणीखात्यात पाळीपत्रक करायची. कुठल्या टाकीचं पाणी कुठल्या गल्लीला किती वाजता सोडायचं आणि किती वाजता बंद करायचं, त्याचं हे पत्रक. चौसष्ट ओळी, एकेका गल्लीची एकेक. दर तीन महिन्यांनी ते बदलायचं, आणि पंपघरातल्या यंत्रात चढवायचं. पत्रकात ओळ असेल तर त्या गल्लीच्या नळाला पाणी, नसेल तर राम राम. बावीस वर्षं आत्या हे काम एकाच एडिटरमध्ये करत आली होती. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा-दुरुस्त करायचा साधा प्रोग्रॅम, पण त्यात सगळे हुकूम बटणांच्या जोड्यांनी द्यायचे: कंट्रोल किंवा आल्ट दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने अक्षर मारायचं. आणि आत्याचा दाबून धरणारा हात नेमका उजवा. का, तर ती नोकरीला लागली तेव्हा तिला मिळालेल्या कीबोर्डची डावीकडची ही दोन्ही बटणं मेलेली होती. नवा मागितला तर अर्ज करा म्हणाले. अर्जाला उत्तर यायला तीन वर्षं लागली, तोवर हातांनी आपापली कामं वाटून घेतली होती.

कचेरीत नवे साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता, उलट फारच मऊ बोलायचा, आणि तेच आत्याला झोंबलं. तुम्ही आता तक्रारी नोंदवायच्या टेबलावर बसा, तिथे हाताला त्रास नाही, पत्रकाचं काम आम्ही दुसऱ्या कुणाला शिकवून घेऊ, असं ते म्हणाले. आत्याने विचारलं, साहेब, मला तिथे बसवताय की इथून उठवताय? साहेब नुसते हसले. शेवटी पुष्कळ हो-नाही होऊन ठरलं ते असं: येत्या सोमवारी आत्याने नव्या तिमाहीचं पत्रक साहेबांसमोर स्वतः करायचं. कुणी हात लावायचा नाही, कुणी बोलायचं नाही. दहाला सुरुवात, बारा वाजता पत्रक यंत्रात गेलेलं असलं पाहिजे. गेलं तर खुर्ची आत्याची, नाही तर तक्रारींचं टेबल.

त्या दिवशी आत्या घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. भाचीने काय झालं विचारलं. आत्या इतकंच म्हणाली की मला ते काम आवडतं गं, मला तिथून उठायचं नाही. सोळा वर्षांत आत्याने कुठल्याही गोष्टीबद्दल आवडतं असं म्हटलेलं भाचीने ऐकलं नव्हतं.

आता भाचीचा हातखंडा कशात, तर नेमका याच एडिटरमध्ये. तोच एडिटर ती स्वतः दिवसभर वापरायची. कुठलं बटण दाबलं की काय व्हावं हे त्यात आपल्याला हवं तसं लिहून ठेवता येतं, आणि तिची ती मांडणी दहा वर्षं चाललेली होती. आत्याच्या हाताचं दुखणं म्हणजे तिला हातचा मळ वाटला. डाव्या करंगळीने कंट्रोल धरायचा आणि उजव्या हाताची धडधाकट दोन बोटं जिथे सहज पडतात तिथे सगळे हुकूम आणून ठेवायचे. कंट्रोल आणि के म्हणजे शोधणं, कंट्रोल आणि यू म्हणजे चुकलं ते परत आणणं, कंट्रोल आणि ओ म्हणजे जतन करणं, आणि मधलं बोट सरळ उचलून टाकलं की जिथे पडतं ते आय, कंट्रोल आणि आय म्हणजे अख्खी ओळ पुसणं. दोन संध्याकाळी तिने हे सगळं बसवलं, आणि पुढचे पाच दिवस आत्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून सराव केला.

आत्याची काम करायची रीत अशी की ती पडद्याकडे बघतच नाही. नजर कागदावर, हात बटणांवर. पडद्याकडे बघितलं की हात विचार करायला लागतात, असं तिचं म्हणणं. एखाद्या ओळीत नऊचे दहा झाले, एका आकड्याचे दोन झाले, की रकाना तिरका होतो. मग टॅबचं बटण एकदा मारायचं, की ओळ सरळ. हे टॅब मारणं तिच्या अंगवळणी इतकं पडलेलं की वाक्य संपल्यावर आपण श्वास घेतो तितकं ते आपोआप व्हायचं.

सरावाच्या तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, कचेरीत हे असं नसतं हं, तिथल्या यंत्राला खिडक्या नाहीत, माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसता काळा पडदा आणि अक्षरं. भाचीचं तेव्हा स्वतःचं काहीतरी चाललं होतं. मान न वळवता ती म्हणाली, “एडिटर तोच ना? मग झालं.”

हे एवढंसं बोलणं पुढे तिला फार महागात पडलं. आणि गंमत बघा, आत्या नोकरी कुठे करते, कशावर करते, कुणाबरोबर करते, हे या पोरीने सोळा वर्षांत एकदाही जाऊन पाहिलेलं नव्हतं. आत्याला मात्र हिच्या कंपनीतल्या प्रत्येकाचं नाव, आजारपण आणि स्वभाव पाठ.

सोमवारी दोघी बरोबरच गेल्या. मांडणीची फाईल पेन ड्राइव्हवरून कचेरीच्या यंत्रात टाकायला भाची हवी होती, तेवढी साहेबांनी परवानगी दिली. ते काम दोन मिनिटांत झालं. मग तिला मागच्या बाकावर बसवलं आणि तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. खोली लहान, भिंतीवर टाक्यांचा नकाशा, कोपऱ्यात चाव्यांची जाड साखळी घेऊन बसलेला एक उंच म्हातारा. हा चावीवाला. ज्या गल्ल्यांच्या झडपा यंत्राला जोडलेल्या नाहीत त्या तो हाताने फिरवायचा, आणि आत्याइतकीच वर्षं खात्यात होता. तो का आलाय हे भाचीला कळलं नाही. ओळखीचा आहे, धीर द्यायला आला असेल, असं तिने धरून चाललं.

आत्याने कागद उजवीकडे लावला, काळ्या पडद्यावर एडिटर उघडला आणि सुरुवात केली. पहिल्या काही ओळी झकास गेल्या. शोध, बदल, पुढे. डावी करंगळी कंट्रोलवर, उजवी दोन बोटं चिमणीसारखी टिपत होती. साहेब हाताची घडी घालून बघत होते, आणि त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या होत्या. भाचीला वाटलं, जिंकलं.

मग एका ओळीत नऊचे दहा झाले. आत्याने टॅब मारला. ओळ नाहीशी झाली.

भाचीने डोळे चोळले. आत्याची नजर कागदावर, ती पुढच्या ओळीकडे गेलीसुद्धा. आठ-दहा ओळी नीट झाल्या, आणि पुन्हा एका ठिकाणी आठचे दहा. टॅब. ओळ गेली.

आता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खिडकीतल्या एडिटरला कीबोर्ड सगळं सविस्तर कळवतो: कुठलं बटण मारलं, सोबत काय दाबून धरलं होतं. काळ्या पडद्याचं तसं नाही. तो जुन्या काळचा, त्याला प्रत्येक गोष्टीचा नुसता एक नंबर पोचतो. आणि टॅब काय किंवा कंट्रोल-आय काय, दोघांचा नंबर एकच, नऊ. कुठलं मारलं ते त्याला समजायला मार्गच नाही. भाचीने मांडणीत लिहून ठेवलं होतं की नऊ नंबर आला तर तो कंट्रोल-आय समज आणि ओळ पूस. खिडकीत ते बरोबर चाललं, कारण तिथे टॅब वेगळा ओळखू येतो. इथे टॅब म्हणजेच पुसणं होऊन बसलं होतं. ‘हे फक्त खिडकीसाठी’ असं एक वाक्य वर घालायला हवं होतं, बस. दहा वर्षांच्या अनुभवाचा टेंभा मिरवणाऱ्या बाईने ते घातलं नव्हतं.

तिसरी ओळ गेली. चौथी गेली. बोलावं तर साहेब म्हणणार अट मोडली, आत्याची खुर्ची जाणार. न बोलावं तर हे असंच यंत्रात जाणार. भाचीने तोंड उघडलं, साहेबांकडे बघितलं, आणि मिटलं. पाचवी गेली, सहावी गेली. तिला आत्याचं ते चपला न काढता बसणं आठवत होतं. अकरा ओळी जाईपर्यंत ती मूग गिळून बसली होती, आणि आपण असे बसलोय हे तिला प्रत्येक ओळीला नव्याने कळत होतं.

अकराला दहा कमी असताना आत्याने जतन केलं आणि खुर्ची सरकवली. साहेब घड्याळ बघून म्हणाले, वा, एक तास दहा मिनिटं हातात ठेवून. मग चढवा यंत्रात. आत्या म्हणाली, “वाचल्याशिवाय पत्रक जात नाही, साहेब.”

म्हातारा उठला, कागद घेऊन आत्याशेजारी स्टुलावर बसला, कानामागची पेन्सिल काढली. या खात्याची ही जुनी रीत: पत्रक करणाऱ्याने पडद्यावरून एकेक ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने कागदावर खूण करायची. आणि त्यातली मेख अशी की वाचणाऱ्याने मध्येच कुठेतरी, मनाला येईल तिथे, एक आकडा मुद्दाम खोटा वाचायचा. ऐकणाऱ्याने तो पकडून ‘थांबा’ म्हणायचं. सुटला त्याच्या कानातून, तर तो नुसता माना डोलावत होता असं समजायचं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचं. बावीस वर्षांत म्हाताऱ्याने चार वेळा आकडा सोडला होता, आणि त्या चारही तारखा आत्याला तोंडपाठ होत्या.

आत्या वाचू लागली. टाकी एक, झडप एक, साडेपाच ते सात. टाकी एक, झडप दोन. टाकी एक, झडप तीन. टाकी एक, झडप पाच.

“थांबा,” म्हातारा खुशीत म्हणाला. “बाई, आज आकडा सोडून ओळच गिळलीत?”

आत्याला हसू आलं नाही. तिने मान पुढे केली, पडदा नीट बघितला. झडप चार नव्हती. म्हाताऱ्याचं हसू हळूहळू उतरलं. पुढे वाचलं, आणखी एक नाही. आणखी एक नाही. साहेब जवळ आले. आत्याने वळून भाचीकडे एकदा बघितलं, आणि ते बघणं काही रागाचं नव्हतं, त्यामुळे जास्तच वाईट. भाची उभी राहिली. मी एका मिनिटात नीट करते, चूक माझी आहे, असं ती म्हणाली. साहेबांनी हात वर केला. मऊ आवाजातच म्हणाले की ठरलंय ते ठरलंय, कुणी हात लावायचा नाही.

आत्याने विचारलं, बारापर्यंत म्हणाला होतात ना? हो, साहेब म्हणाले. मग बसा, आत्या म्हणाली.

भाचीने केलेली सगळी मांडणी तिने बाजूला ठेवली. एडिटर बंद केला आणि कोरा उघडला, विकत आणलेल्या पाटीसारखा, कुणाचीही सवय न लागलेला. त्यातल्या जुन्या जोड्या आता तिच्या हाताला झेपणाऱ्या नव्हत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिने काही दाबून धरलंच नाही. एस्केपचं बटण टिचकी मारून सोडलं. मग एक्स मारलं. मग हुकमाचं नाव अक्षर अक्षर लिहिलं. पडद्याने हुकूम ऐकला.

भाचीच्या तोंडाचा आ वासला. तिला हे पुस्तकी माहीत होतं, पण कधी सुचलं नव्हतं. आल्ट धरून अक्षर मारलं काय आणि एस्केप मारून सोडून मग अक्षर मारलं काय, काळ्या पडद्याला फरक कळत नाही, त्याला दोन्ही वेळेला तेच नंबर त्याच क्रमाने पोचतात. ज्या अडाणीपणाने अकरा ओळी खाल्ल्या, त्याच अडाणीपणामुळे इथे काही म्हणजे काही दाबून धरायची गरज नव्हती. एकामागून एक टिचक्या, बस. मेलेल्या कीबोर्डची तीन वर्षं आत्याने मधूनमधून अशीच काढली होती. घरी पाच दिवस ती निमूटपणे भाचीची जोडाजोडी शिकत राहिली, कारण पोरीने इतक्या हौसेने केली होती, आणि कारण पोरीने एकदाही विचारलं नव्हतं की आत्या, तू काय करत होतीस.

गेलेल्या अकरा ओळी तेवढ्या परत लिहून बसवायच्या होत्या, पण काम धिमं होतं. एकेका हुकमाला दहा-बारा टिचक्या. मधेच आत्या हात झटकायची, बोटं चोळायची, पुन्हा लागायची. या वेळी टॅबने ओळी सरळ होत होत्या. पावणेबाराला चौसष्ट ओळी पुऱ्या झाल्या. म्हातारा स्टुलावर बसला खरा, पण हळूच म्हणाला, बाई, वाचायला पंचवीस मिनिटं लागतील, आज राहू द्या, मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. साहेबांनी ऐकलं, आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागले. भाचीने मनातल्या मनात हात जोडले की ऐक त्याचं, एवढ्या वेळेला ऐक.

आत्याने वाचायला सुरुवात केली.

टाकी एक, झडप दोन. नेहमीच्याच चालीत, ना भरभर ना रेंगाळत. बाराला पाच कमी होते तेव्हा ती तिसऱ्या टाकीवर होती. आणि तिथे तिने वाचलं, झडप एकतीस, सव्वासहा ते आठ. “थांबा,” म्हातारा म्हणाला, “साडेसहा.” साडेसहाच, आत्या म्हणाली आणि पुढे गेली. भाचीचा विश्वास बसेना. घड्याळ डोक्यावर टांगलेलं, नोकरी जायला आलेली, आणि ही बाई खोटा आकडा घालायला विसरली नाही. म्हाताऱ्याने तो सोडला असता तर पुन्हा पहिल्यापासून.

पत्रक यंत्रात गेलं तेव्हा बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती. साहेबांनी ती वेळ डायरीत टिपली. वाचन नसतं केलं तर, असं त्यांनी विचारलं. पावणेबाराला झालं असतं, आत्या म्हणाली. साहेबांनी मान हलवली, कळवतो म्हणाले आणि निघून गेले.

मागच्या अंगणात हात धुवायचा नळ होता. आत्याने उजवा हात गार पाण्याखाली धरला आणि डोळे मिटले. मनगट सुजून टम्म झालं होतं. भाची शेजारी उभी राहिली. चूक कशी झाली ते ती सांगायला लागली, नऊ नंबर आणि खिडकी आणि काय काय. आत्याने ते सगळं ऐकून घेतलं. मग नळ बंद केला.

“तुला दिसत होतं ना?” ती म्हणाली.

“हो.”

“कितवी ओळ जाताना लक्षात आलं?”

“दुसरी.”

आत्याने पदराला हात पुसला. “मशीनला काय कळतं आणि काय नाही ते मला सांगू नकोस. अशा चुका होतात. वाचनात सापडणार हे मला माहीत होतं. तुला नव्हतं माहीत. तुझ्या हिशोबाने ते पत्रक तसंच जाणार होतं. अकरा गल्ल्या, शहाणे. सकाळी उठून लोकांनी नळ सोडला असता, आणि तू गप्प बसलीस.”

“तुझी नोकरी गेली असती गं.”

“गेली असती,” आत्या म्हणाली.

एवढंच. भाचीला वाटलं होतं, आत्या खुर्चीसाठी भांडतेय. खुर्ची कशासाठी हवी होती हे तिला त्या नळापाशी कळलं, आणि तिला इतकी लाज वाटली की डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंसुद्धा नाही. आत्याने तिच्या पाठीवर डावा हात ठेवला आणि दोघी घरी निघाल्या.

चारच्या सुमारास साहेबांचा फोन आला. आत्या नुसतं हो, हो, बरं म्हणत होती. फोन ठेवून तिने सांगितलं की उद्यापासून नेहमीच्या वेळेला, नेहमीच्याच खुर्चीत. शिवाय साहेबांचं असं म्हणणं पडलंय की पुढच्या वेळी वाचन ऐकायला ते स्वतः बसणार, चावीवाल्याच्या बरोबरीने. किती वेळा सुटतोय त्यांच्याकडून आकडा बघू, आत्या म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर मिश्कीलपणा दिसला. भाचीचा जीव भांड्यात पडला, पण पूर्ण नाही.

संध्याकाळी तिने मांडणी पुन्हा लिहायला घेतली. या वेळी आधी विचारलं. आत्या सांगत गेली, ती लिहीत गेली. दोन वेगळे भाग केले, एक खिडकीसाठी, एक काळ्या पडद्यासाठी. खिडकीत कंट्रोल-आय राहिलं तसंच. काळ्या पडद्यावर नऊ नंबराला हात लावायचा नाही, तो टॅबचा. तिथे सगळं एस्केपने सुरू होणारं, दोन टिचक्यांत संपणारं, धरायचं काही नाही. एस्केप मग के म्हणजे शोध. एस्केप मग डी म्हणजे ओळ पुसणं, पण पुसण्याआधी पडद्याने विचारायचं, पुसू का.

झालं म्हणाली भाची. आत्याने स्वयंपाकघरातून पेन्सिल आणली आणि तिच्या हातात दिली. छापलेली यादी तिच्यासमोर ठेवली, लॅपटॉप स्वतःकडे ओढला, चष्मा नाकावर सरकवला. वाचल्याशिवाय जात नाही, हे तिला सांगावं लागलं नाही.

आत्या वाचू लागली. खिडकी, कंट्रोल-के, शोध. खूण. खिडकी, कंट्रोल-यू, परत आणणे. खूण. आवाजाला तीच सकाळची चाल होती, आणि दिवसभराच्या शिणाने भाचीच्या डोळ्यांवर झापड यायला लागली. यादी लांबलचक होती. काळा पडदा, एस्केप-के, शोध. खूण. काळा पडदा, एस्केप-ओ, जतन. खूण. काळा पडदा, टॅब, ओळ पुसणे.

“थांब,” भाची म्हणाली. ती जवळजवळ ओरडलीच. पेन्सिल टेबलावर आपटली, खुर्ची मागे सरकली. “थांब, आत्या. सरळ करणे.”

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“सरळ करणे,” ती म्हणाली. “हं. पुढे चल.”